लाइव्हला सात जण, बाकीचे कोण?

मागच्या महिन्यात इथे माइक आणि कॅप्चर कार्डबद्दल लिहिलं आणि शेवटी म्हटलं की लाइव्हबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं लोक कॅमेरा कुठला घेऊ ते विचारतील. पण निम्म्याहून जास्त जणांनी विचारलंय की दादा, व्ह्यूअर विकत घेतले तर चालतात का. कुणी सरळ विचारलंय, कुणी ‘एका मित्राचा प्रश्न आहे’ म्हणून विचारलंय. मित्रांनाही उत्तर देतो, काळजी नको, नाव कुणाचंच छापत नाहीये.

प्रश्न : दादा, मी कराडला इंजिनिअरिंग सेकंड इयरला आहे. चार महिने झाले रोज रात्री बीजीएमआय (पबजीचाच भारतातला अवतार) या गेमची लाइव्ह घेतोय, वॉचिंग (म्हणजे त्या वेळी बघणारे) कधी ६, कधी ९, एकदाच १४ झालं होतं. टेलिग्रामवर एक पॅनलवाला (व्ह्यूअर विकणारा) दोनशे रुपयांत तासभर १०० व्ह्यूअर देतो म्हणतोय. मित्र म्हणतात सुरुवातीला सगळेच घेतात, गर्दी दिसली की खरे लोक आपोआप येतात, मग बंद करायचं. खरंय का? आणि नसेल तर ६ चे ६० करायचे कसे?

उत्तर : आधी माझंच सांगतो, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नाची शूटिंग बंद, घरात बसून काय करायचं म्हणून जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करायची लाइव्ह सुरू केली. रात्री नऊला, टेबल लॅम्पखाली, मोबाईल उलटा टांगून. सात-आठ जण यायचे. त्यात मिरजेचे एक रिटायर्ड मास्तर होते, रोज शटरबद्दल काहीतरी विचारायचे. मग मलाही कुणीतरी पॅनल दाखवलं आणि मी १५० घेतले.

पहिल्या रात्री १५८ आकडा बघून अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. पण झालं काय की मी बोलायचाच वेगळा लागलो, ‘नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे’ वगैरे, टीव्हीवर आल्यासारखा. नावं घेणं बंद झालं. मास्तरांनी एकच प्रश्न तीनदा टाकला होता हे मला नंतर रेकॉर्डिंग बघताना दिसलं, चौथ्या दिवसापासून ते यायचेच बंद झाले. तीन आठवड्यांनी पॅनल थांबवलं तर वॉचिंग ४. म्हणजे सातचे साठ करायला गेलो आणि सातचे चार करून आलो, वर पैसे गेले ते गेलेच.

त्याहून मोठं नुकसान मला बऱ्याच उशिरा कळलं. लाइव्ह संपल्यावर यूट्यूब स्टुडिओत ग्राफ बघायला मिळतो ना, कुठल्या मिनिटाला किती जण होते तो, माझा त्या तीन आठवड्यांचा ग्राफ म्हणजे मेलेल्या माणसाचा ईसीजी, सरळ रेघ. खऱ्या सात माणसांचा ग्राफ वरखाली होतो आणि त्यातूनच शिकायला मिळतं. पॅनल बंद झाल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं तर मी लेन्सची रिंग सोडवतो तेव्हा लोक थांबतात आणि खाली पडलेला स्क्रू शोधत बसतो तेव्हा जातात. इतकं साधं! मग मी सुटे भाग आधीच डब्यात काढून ठेवायला लागलो आणि महिन्याभरात १५ जण बसायला लागले. दीडशे खोटे घेऊन बसलो असतो तर हे जन्मात कळलं नसतं. पॅनलवाला आकडा देतो आणि त्या बदल्यात तुझे डोळे काढून घेतो, असं समज.

आता गर्दीला बघून गर्दी येते ही गोष्ट. वडापावच्या गाडीवर येते, खरंय. पण तिथले लोक वडापाव खात असतात रे. तुझ्याकडे १०६ वॉचिंग आणि चॅटमध्ये दहा मिनिटांपूर्वीचं एक ‘हाय भाई’, हे नवीन माणसाला आल्या आल्या कळतं. उलट सहाच जण आहेत, त्यातले तिघं एकमेकांची खेचतायत आणि आत आल्याबरोबर तू त्याचं नाव घेऊन विचारलंस की कुठून, तर तो माणूस निदान एक मॅच तरी बसतो. आणि अल्गोरिदमचं म्हणशील तर त्याचा ढोबळ हिशोब असाय की ज्यांनी तुझं बघितलं त्यांच्यासारख्या लोकांना तुझं दाखवायचं. तुझे बघणारे जर कुठल्यातरी सर्व्हरवरची बनावट अकाउंट असतील तर त्यांच्यासारखे म्हणून तो शोधणार कुणाला?

पकडतात का म्हणशील, तर पकडतात, उशिरा पकडतात पण पकडतात. जुन्या लोकांना आठवत असेल, यूट्यूबवर व्ह्यूज ३०१ वर येऊन अडकून बसायचे. लोकांना वाटायचं काहीतरी बिघडलंय, पण पुढचे व्ह्यूज खरे की खोटे हे तपासून मगच धरायचे म्हणून ते थांबायचं, २०१५ च्या ऑगस्टमध्ये ती पद्धत बंद केली, तपासणं मात्र चालूच आहे. ट्विचने (गेमच्या लाइव्हची साइट) तर २०१६ मध्ये व्ह्यूअर बॉट, म्हणजे खोटे बघणारे प्रोग्राम, विकणाऱ्यांवर सरळ केस टाकली आणि २०१८ मध्ये कोर्टाने दोघांना तेरा लाख डॉलरच्या वर भरायला सांगितले. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्विचने बॉट ओळखायची यंत्रणा कडक केली तेव्हा बऱ्याच चॅनलचे आकडे एका आठवड्यात धपकन खाली आले. त्यातल्या काहींनी स्वतः काही केलंही नसेल, पण बघणाऱ्यांनी बोटं दाखवायची ती दाखवलीच.

आता ६ चे ६०. पहिली गोष्ट, रोज लाइव्ह बंद कर. हो, बंद. आठवड्यात तीन दिवस घे, ठरलेले वार, ठरलेली वेळ, सव्वादहा नाही आणि साडेदहा नाही, दहा म्हणजे दहा. उरलेल्या रात्री कालच्या लाइव्हमधले दोन तुकडे कापून शॉर्ट्स टाक, कारण लाइव्हवर नवा माणूस फिरत फिरत सहसा येत नाही, एकाच वेळी तोच गेम शेकडो पोरं खेळत असतात, त्यात तुलाच का उघडावं? शॉर्ट बघून येतो, सर्चमधून येतो, दुसऱ्याच्या लाइव्हवरून येतो. टायटलमध्ये ‘रश गेमप्ले रोड टू वन के’ लिहिणं सोड, ते सगळे लिहितात. ‘कराड विरुद्ध सातारा कॉलेज, कस्टम रूम, हरणारे मिसळ देणार’ असं लिहिलंस तर निदान दोन कॉलेजची पोरं तरी येतील आणि येताना मित्र घेऊन येतील. कस्टम रूमचा (म्हणजे आपण बोलावलेल्यांचीच मॅच) फायदाच हा की बघणारा खेळायला येऊ शकतो, आणि जो खेळून गेला तो स्वतःची मॅच परत बघायला येतो.

मराठीत बोल. हिंदीत बोलणारे तुझ्यापेक्षा चांगले खेळणारे ढीगभर आहेत. आणि सुरुवातीची पाच मिनिटं ‘आवाज येतोय का, आवाज येतोय का’ करू नकोस, ते आधी प्रायव्हेट लाइव्ह टाकून तपास. कुणीच काही लिहीत नसेल तरी तोंड बंद नको, आपण काय करतोय, का करतोय ते बोलत राहा. एकाच गेमवर मात्र सगळं टाकू नकोस. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारी बंदीत पबजी गेला, २०२२ च्या जुलैमध्ये बीजीएमआयही तसाच गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला, मधल्या काळात ज्यांचे लोक गेमसाठी येत होते त्यांचं दुकान बसलं आणि ज्यांचे लोक त्या माणसासाठी येत होते ते लुडो बघायला पण आले.

हिशोबही करून ठेव म्हणजे घाई होणार नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले ४००० तास लागतात. आठ जण तासभर बसले तर एका लाइव्हचे आठ तास, म्हणजे ५०० लाइव्ह. पण सरासरी पंचवीस जण दोन तास बसले तर पन्नास तास, म्हणजे ८० लाइव्ह. आठवड्याला तीन धरले तर सहा-सात महिने. आणि लाइव्ह संपल्यावर तो व्हिडिओ प्रायव्हेट करू नको रे बाबा, पब्लिक असेल तरच ते तास धरले जातात, माझ्या ओळखीच्या एकाने ‘जुनं घाण दिसतं’ म्हणून सगळं लपवलं आणि मग म्हणतो तास कुठे गेले.

प्रश्न : नमस्कार सर, मी इचलकरंजीहून घरूनच साड्या विकते, दुपारी फेसबुक लाइव्ह घेते. ३०-४० जणी असतात, पाच-सहा साड्या जातात. भाचा म्हणतो मी ३०० वॉचिंग आणि कमेंटमध्ये ‘बुक’, ‘मला ही हवी’ असं लिहिणारी अकाउंट लावून देतो, मग बायका घाई करतील. करावं का?

उत्तर : ताई, चाळीस जणींत सहा साड्या जातायत तर तुमचं दुकान चांगलं चाललंय, आधी हे मनावर घ्या. बाजारात चाळीस बायका पायरी चढून आल्या आणि सहा जणी पिशवी घेऊन बाहेर पडल्या तर दुकानदार काय म्हणेल?

भाच्याची आयडिया तुमच्या धंद्यात तर उलटी बसेल. तुमच्याकडे एका रंगाची एकच साडी असते ना बहुतेक वेळा? मग खोट्या अकाउंटने ‘बुक’ लिहिलं की खरी बाई म्हणणार, गेली ही, आणि ती पुढचं बघायला लागणार किंवा लाइव्ह सोडून जाणार. तुमचंच गिऱ्हाईक तुम्हीच पैसे देऊन हाकलताय. मग नंतर तुम्ही म्हणणार ‘ती कॅन्सल झाली, कुणाला हवीय का’, आणि असं रोज तीन-चारदा झालं की बायकांना कळतं हो, बायकांना साडीच्या व्यवहारातलं सगळं कळतं.

दुसरं, तुम्ही कधी पाचशे रुपये टाकून पोस्ट बूस्ट करत असाल तर तिथेही ‘ज्यांनी आपला व्हिडिओ बघितला त्यांच्यासारख्यांना दाखवा’ असा प्रकार असतो. त्यात तीनशे बनावट अकाउंट मिसळली की तुमच्या जाहिरातीचे पैसे भलत्याच लोकांपुढे जाणार. हे विष एकदा मिसळलं की काढायला फार वेळ लागतो.

त्यापेक्षा हे बघा. तुमची एक लाइव्ह मी बघितली (लिंक पाठवलीत म्हणून). साडी दाखवताना तुम्ही पदर दोन सेकंद धरता आणि लगेच पुढची घेता, आणि वर ट्यूबलाइट आहे, त्यात मोरपिशी आणि रामा सारखाच दिसतोय. खिडकीशी बसा, दुपारचा उजेड फुकट आहे. पदर पूर्ण उघडा, काठ जवळ आणा, उलटी बाजू दाखवा, धागा कुठे ओढला गेलाय तर तोसुद्धा दाखवा आणि पन्नास रुपये कमी करा, त्या एका धाग्याने जेवढा विश्वास बसतो तेवढा कशानेच बसत नाही. साडी साडेपाच मीटर की कमी, ब्लाउजपीस आत आहे की नाही, पोस्टाचा खर्च धरून की वेगळा, हे न विचारता सांगा, तुमच्या अर्ध्या कमेंट तेच विचारणाऱ्या आहेत. आणि किंमत ‘इनबॉक्स करा’ म्हणू नका हो! बोलून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर लाइव्हची वेळ टाकत असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घाला, ‘नंबर सेव्ह करा, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला लाइव्ह’. ज्या बाईने एकदा पैसे दिलेत ती परत येणं हीच तुमची वाढ, भाच्याला पॅकिंगला बसवा.

प्रश्न : आम्ही पेण-अलिबाग पट्ट्यात टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंट लाइव्ह करतो, दोन कॅमेरे आणि स्कोअरबोर्ड. आता मंडळवाले म्हणतात शेजारच्या गावाच्या लाइव्हला ५ हजार वॉचिंग दाखवत होते, तुमच्याकडे ४०० च का? पुढच्या वर्षी ऑर्डर त्यालाच देऊ म्हणतात. आम्ही नाही घेतले तर धंदा जातो, घेतले तर मनाला पटत नाही. काय करू?

उत्तर : हा प्रश्न वाचून थोडा वेळ गप्प बसलो, कारण इथे पोटाचा प्रश्न आहे आणि ‘प्रामाणिक राहा’ म्हणून मोकळं होणं सोपंय. माझंही एक काम असंच गेलंय. समोरच्याने आकडा फुगवून दाखवला आणि मंडळाच्या अध्यक्षाने मला फोनवर सांगितलं, तुमची क्वालिटी चांगली आहे पण पब्लिक नाही तुमच्याकडे. राग आला होता, अजून येतो.

पण मंडळाला ५ हजार कशाला हवे असतात हा विचार कर. बॅनर लावणाऱ्याला दाखवायला. बॅनरवाला कोण? हार्डवेअरवाला, ज्वेलर्स, आणि बऱ्याचदा भावी कुणीतरी. त्यांना गावातली आणि गावाबाहेर गेलेली गावातलीच माणसं हवीत. म्हणून टुर्नामेंट संपली की दुसऱ्या दिवशी मंडळाला एक पानभर रिपोर्ट दे, तुझ्याच स्टुडिओतले स्क्रीनशॉट लावून. जास्तीत जास्त एकावेळी किती होते, एक माणूस सरासरी किती मिनिटं बसला, कुठल्या देशातून बघितलं. आखातात नोकरीला असलेली, बोटीवर गेलेली आपली पोरं स्वतःच्या गावची मॅच रात्री बसून बघतात, ते आकडे त्यात दिसतात आणि ते बघून ज्वेलर्सचा चेहरा बदलतो. मग शांतपणे म्हणायचं, शेजारच्यांकडूनही हेच पान मागा. फुगवलेल्या लाइव्हमध्ये सरासरी मिनिटं आणि देश लपवता येत नाहीत, रायगडच्या मॅचला भलत्याच देशातून हजारोंनी लोक कशाला येतील?

कायद्याचंही सांगून ठेवतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून धंद्यासाठी खोटे फॉलोअर आणि व्ह्यूज विकणं-घेणं यावर नियमाने बंदी आहे, आणि आपल्याकडे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी खोटे फॉलोअर विकणाऱ्यावर गुन्हा घालून अटक केली होती. स्पॉन्सरकडून पैसे घेऊन खोटा आकडा दाखवणं म्हणजे मापात मारणं, ते कुणाच्या तरी अंगाशी येणारच.

आता तुझे ४०० चे खरोखर जास्त कसे होतील. तुझ्या लाइव्ह बघितल्या, तुझं पब्लिक गळतंय ते लिंकमुळे. नेट गेलं की तू नवीन लाइव्ह सुरू करतोस, नवीन लिंक, आणि ग्रुपवर फिरत असते जुनी. ज्याने ती उघडली त्याला संपलेली लाइव्ह दिसते, तो गेला. यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये ऑटो-स्टॉप बंद करून ठेव आणि तीच स्ट्रीम की (लाइव्ह जोडायचा कोड) वापर, मग दोन मिनिटं नेट गेलं तरी परत जोडलंस की त्याच लिंकवर चालू राहतं. लाइव्ह दोन दिवस आधी शेड्यूल कर म्हणजे पत्रिकेवर आणि ग्रुपवर एकच लिंक जाईल. अजून एक, लाइव्ह १२ तासांच्या वर गेली तर यूट्यूब ती आपोआप सेव्ह करेलच असं नाही. सकाळी नऊला सुरू करून रात्री दहाला फायनल घेत असशील तर तेरा तास झाले, सगळी रेकॉर्डिंग जायची. सेमीफायनलच्या आधी मुद्दाम तोड आणि दुसरी लाइव्ह आधीच शेड्यूल करून ठेव.

नेटचं गणित : ४ एमबीपीएसने पाठवलंस तर तासाला साधारण १.८ जीबी, दहा-अकरा तासांचे १८-२० जीबी, म्हणजे रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर चालणारं काम नाही हे. आणि फायनलला मैदानात माणूस वाढला की सगळ्यांचे मोबाईल त्याच टॉवरवर, तुझा अपलोड बरोबर शेवटच्या ओव्हरला झोपतो. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेव, आणि फायनलच्या आधीच ७२० वर ये, म्हणजे चित्राची क्वालिटी उतरव. बॉल थोडा पुसट दिसला तर लोक शिव्या देऊन बघतात, गोल गोल फिरायला लागलं की निघून जातात. जवळच्या मंडळाच्या ऑफिसात वायफाय असेल तर शंभर मीटर केबल ओढ, हार घालून सत्कार करतील तो वेगळा.

सिक्सर पडला की दहा मिनिटांत त्याची क्लिप बॅट्समनचं आणि गावाचं नाव टाकून ग्रुपवर गेली पाहिजे, एक पोरगा फक्त त्यालाच बसव. तो बॅट्समन ती क्लिप स्टेटसला ठेवणार, त्याचे मामा, मावशी, ऑफिसातले बघणार. आणि कॉमेंट्रीवाल्याला सांग की लाइव्हच्या चॅटमधली नावं घे, ‘कुवेतहून पाहतायत’ असं एकदा म्हटलं की तो माणूस पुढच्या रविवारी चार मित्रांना घेऊन बसतो. पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेलच अशी गॅरंटी मी देत नाही. पण आकडा विकत घेऊन मिळवलेली ऑर्डर टिकवायला दर वर्षी त्याहून मोठा आकडा विकत घ्यावा लागतो, ५ चे ८ हजार, मग १०.

प्रश्न : मी लातूरला दहावीचे गणिताचे क्लास घेतो, आठवड्यातून दोनदा फुकट लाइव्ह. नेहमी २५-३० मुलं असतात. मागच्या गुरुवारी अचानक आकडा ९०० वर गेला, चॅट शांत, वीस मिनिटांनी पुन्हा २६. मी काहीच विकत घेतलेलं नाही. चॅनल बंद होईल का अशी भीती वाटतेय.

उत्तर : सर, घाबरू नका. कुणीतरी दुसऱ्याच्या चॅनलवर बॉट सोडतं असे प्रकार होतात, कधी खोडसाळपणा, कधी पॅनलवाल्याचं ‘सॅम्पल’, की उद्या मेसेज करतो बघा कसं वाढवून दिलं. असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, ब्लॉक करा. त्या वेळेचे स्क्रीनशॉट, स्टुडिओतल्या ट्रॅफिक सोर्सचं (बघणारे कुठून आले त्याचं) पान, तारीख आणि वेळ, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि यूट्यूबच्या मदत विभागात आपणहून कळवा. व्हिडिओ उडवू नका, तोच तुमचा पुरावा आहे.

खरी वाढ की खोटी हे ओळखायचं तर एकच बघायचं, माणसं आली कुठून. खरी माणसं कुठून तरी येतात, कुणा शिक्षकाने ग्रुपवर लिंक टाकली असेल, होमवर व्हिडिओ वर आला असेल, नोटिफिकेशन गेलं असेल, आणि नऊशे मुलं आली तर त्यातली दहा तरी ‘सर आवाज’ लिहितातच. पण सगळी शांतता म्हणजे सगळं खोटं असंही नाही हं, तुमची जी २६ मुलं आहेत त्यातली निम्मी वहीत लिहीत असतील, ती चॅट करत नाहीत म्हणून बॉट ठरत नाहीत. आणि आकडा वाढलेला दिसला तर कॅमेऱ्यावर ‘अरे वा, नऊशे’ म्हणून आभार मानू नका, शिकवत राहा.

पुढच्या वेळी चॅटमध्ये घाणेरडं काही यायला लागलं तर स्लो मोड लावा, चॅट फक्त सबस्क्रायबरना ठेवा, काही शब्द ब्लॉक करून ठेवा आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला मॉडरेटर करा. ट्विचवर २०२१ मध्ये असल्या बॉटच्या झुंडी चॅटमध्ये शिव्या घालायला यायच्या, इतक्या की १ सप्टेंबरला बऱ्याच स्ट्रीमर्सनी एक दिवस लाइव्हच बंद ठेवली आणि मग ट्विचने चॅटसाठी फोन नंबर तपासायची सोय दिली. आणि तुमचे सबस्क्रायबर मधेच दहा-वीस कमी झालेले दिसले तर तेही मनावर घेऊ नका, यूट्यूब बनावट आणि बंद अकाउंट अधूनमधून झाडून काढतं.

प्रश्न : ‘तू मला कर, मी तुला करतो’ असे सबस्क्राइबचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, त्यात तर माणसं खरी असतात. मग काय हरकत? (पुणे)

उत्तर : माणसं खरी, बघणं खोटं. दोनशे जण सबस्क्राइब करून जातात आणि एकही परत येत नाही, मग तुमची लाइव्ह सुरू झाल्याचं नोटिफिकेशन अशा दोनशे लोकांना जातं जे ते अंगठ्याने बाजूला सारतात. यूट्यूबच्या नियमातही ते बसत नाही. ग्रुप सोडा.

प्रश्न : दादा मी पंधरा वर्षांचा आहे, नववीत. चॅनलला ६२ सबस्क्रायबर आहेत. आईचा, बाबांचा, आजोबांचा आणि मामाचा असे चार मोबाईल लाइव्हला लावून ठेवले तर ते फेक व्ह्यूअर का? (सांगली)

उत्तर : पहिलं म्हणजे २०२५ च्या जुलैपासून यूट्यूबने लाइव्हसाठी वय १६ केलंय, त्याच्या आत असशील तर कुणीतरी मोठं माणूस लाइव्हमध्ये दिसायला हवं. मोबाईलवरून लाइव्ह घ्यायला ५० सबस्क्रायबर लागतात ते तुझे झालेत, पण पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून रविवारी घ्यायची असेल तर शनिवारी सकाळीच सेटिंग कर. आता मोबाईलचं. आजोबा चष्मा लावून खरंच बघत असतील तर ते खरे प्रेक्षक, कुणाच्या बापाची टाप नाही त्यांना फेक म्हणायची. चारही मोबाईल उशीखाली आवाज बंद करून चार्जिंगला लावले असतील तर ते मोबाईलच, आणि आईचा असेल तर तिचा डेटा पण संपेल, ते तुला परवडणार नाही. त्यापेक्षा आजोबांनाच शेजारी खुर्चीवर बसव आणि दोघं मिळून लाइव्ह घ्या, वयाचाही प्रश्न मिटला. काय दाखवणार आहेस ते मात्र लिहिलंच नाहीयेस, पुढच्या वेळी ते आधी लिही.